जळगाव-धुळ्यातलं हॉटेल आणि दुकान: पारख कशी करायची, मत कसं लिहायचं

"जळगावात शेवभाजी कुठे खावी?" असं विचारलं की दहा जण दहा नावं सांगतात, आणि दहाही नावं थोडी थोडी खरी असतात. एकाने ती दुपारी साडेबाराला खाल्लेली असते, दुसऱ्याने रात्री अकराला, उरलेल्या रश्श्यावर. एकाला तर्री बोटभर लागते, दुसऱ्याला तीच तर्री रात्रभर झोपू देत नाही. पाचपैकी चार तारे दिले तरी यातलं काहीच वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही.

आपल्याकडचं हॉटेल पदार्थागणिक, वेळेगणिक आणि महिन्यागणिक बदलतं. त्यामुळे पारख करताना आणि नंतर मत लिहिताना तीन गोष्टी सुटू देऊ नका: काय खाल्लं, किती वाजता, कोणत्या महिन्यात. बाकीचं सगळं यावर चढतं.

काय मागवायचं

पहिल्या खेपेला एकच पदार्थ, आणि तोही त्या हॉटेलाची ओळख असलेला. पाटीवर मंचुरियन, पनीर, शेवभाजी, पावभाजी असं सगळं असलं तरी भटारखान्यात बहुतेक वेळा दोनच रस्से असतात, एक लाल आणि एक काळा. त्यातच पनीर पडतं, त्यातच काजू, त्यातच शेव. अशा ठिकाणी सहा भाज्या मागवून सहा मतं लिहिणं म्हणजे दोनच रश्श्यांबद्दल सहा वेळा लिहिणं. शेजारच्या टेबलांवर काय चाललंय ते बघा. चारपैकी तीन ताटांत जे दिसतं ते मागवा.

एका भेटीवर चांगलंही लिहू नका, वाईटही लिहू नका. किमान दोनदा जा: एकदा गर्दीत, एकदा दुपारी तीन-साडेतीनच्या सामसूम वेळी. गर्दीत वाढप आणि हिशेब कळतो, सामसुमीत शिळं-ताजं कळतं. आचारी बदलला की हॉटेल बदललं, पाटी तीच राहिली तरी, म्हणून "पहिलेचेच वस्ताद आहेत ना?" हा प्रश्न गल्ल्यावर विचारून ठेवावा. मालक सहसा खरं सांगतो, कारण वस्ताद सोडून गेल्याचं दुःख त्यालाच जास्त असतं.

शेवभाजी

शेवभाजीत पहिली बघायची ती शेव. भाजीची शेव जाड, कडक आणि ओवा-तिखट घातलेली असते. चहाबरोबरची बारीक शेव इथे चालत नाही. वाटी समोर आल्यावर घड्याळ बघा. चांगली शेव पाच-सात मिनिटं आपला आकार धरते, बाहेरून मऊ आणि मधे किंचित करकरीत. दोन मिनिटांत लगदा झाला तर एक तर शेव बारीक होती किंवा आधीच टाकून ठेवली होती. यासाठी ऑर्डर देतानाच विचारावं: "भाऊ, शेव वेळेवर टाकता की पहिलेच टाकून ठेवता?" काही ठिकाणी शेव वेगळ्या वाटीत मागितली तर देतात. ते देत असतील तर मतात जरूर लिहा, कारण पार्सल नेणाऱ्याला एवढी एकच माहिती पुरते. घरी पोचेपर्यंत वीस मिनिटं जातात आणि डब्यातली शेवभाजी तोवर बेसनाचं पिठलं होते.

मग रस्सा. काळा रंग भाजलेलं सुकं खोबरं, भाजलेला कांदा आणि मसाल्यातल्या दगडफुलासारख्या जिनसांमुळे येतो. खोबरं तांबूस-तपकिरीच्या पुढे जाऊन करपलं की रंग आणखी छान दिसतो आणि जिभेच्या मुळाशी कडवट चव राहते. पाणी प्यायल्यावरही ती कडवटी टिकली तर खोबरं करपलेलं समजा. खोबरं जुनं असेल तर वास खवट येतो, साधारण जुन्या डब्यातल्या चिवड्यासारखा. मे महिन्यात ही तक्रार वाढते, कारण पंचेचाळीस अंशांच्या आसपासच्या उन्हात वाटण आणि खोबरं दोन्ही लवकर नासतात. रस्सा दाट आहे म्हणून चांगला, असंही नाही. वाटण कमी पडलं की बेसन किंवा दाण्याचं कूट लावून दाटपणा आणतात. बेसनाचा रस्सा निवताना वर साय धरतो आणि घशाला चिकटतो.

तर्री बघायची तर चमच्याने थोडी बाजूला सारा. खाली रस्सा एकजीव असेल तर तर्री त्याच फोडणीची आहे. वर लाल तेल आणि खाली पातळ पाणी असे दोन थर दिसले तर सकाळचा रस्सा संध्याकाळी पाणी घालून वाढवलाय आणि वरून तयार तर्री ओतलीय. रंगाचा संशय आला तर चमचाभर रस्सा पाण्याच्या ग्लासात सोडा. मिरचीचा रंग तेलात उतरतो, म्हणून तो वर तरंगणाऱ्या तेलाच्या थेंबांबरोबर राहतो; पाणी मसाल्याने गढूळ होतं, ते ठीक. सगळं पाणीच लख्ख गुलाबी-लाल झालं तर वरून रंग पडला असण्याची शक्यता आहे. तेलात विरघळणारा रंग असेल तर हा प्रयोग फसतो, म्हणून यावरून "भेसळ" असा शब्द लिहू नका. "ग्लासातलं पाणी लाल झालं" एवढंच लिहा.

जास्तीचा रस्सा फुकट की पैसे देऊन, हे हॉटेलागणिक वेगळं. बिल आल्यावर भांडण होतं ते बहुतेक यावरूनच. भाकरी ज्वारीची, बाजरीची की कळण्याची, तीही नोंद करा. कळण्याची म्हणजे ज्वारीत अख्खे काळे उडीद मिसळून दळलेली, साधारण चारास एक. चव खमंग आणि अंगाला काळपट ठिपके. नुसती ज्वारीची भाकरी मीठ घालून "कळण्याची" म्हणून वाढली तर ठिपके दिसणार नाहीत.

भरीत

जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ही वांगी मोठी, हिरवट-पांढरी आणि कमी बियांची. यावल तालुक्यातल्या बामणोदचं नाव त्यांच्याशी जोडलेलं आहे. खरा हंगाम थंडीचा, चंपाषष्ठीच्या आगेमागे सुरू होणारा. जून-जुलैत कुणी जांभळ्या वांग्याचं भरीत देऊन वर हंगामातल्याइतकाच दर लावत असेल तर त्यावर मत देण्याआधी महिना लिहा. नाहीतर डिसेंबरात येणारा पाहुणा तुमचं जुलैचं मत वाचून ते दुकान टाळेल.

भरीत केंद्रात गेलात तर आधी मागच्या बाजूला भाजण्याची जागा बघा. वांगी कपाशीच्या किंवा तुरीच्या काड्यांवर भाजलेली असतील तर गराला धुराचा वास असतो. गॅसवर भाजलेलंही भरीतच असतं, पण तो वास नसतो. चूक म्हणून लिहू नका, नुसतं लिहा. नंतर ठेचणं. लाकडी बडगीत ठेचलेल्या भरिताला धागा असतो, चमच्याने उचललं की तार दिसते. मिक्सरमधून काढलेलं एकसारखं, चकचकीत आणि थोडं चिकट दिसतं, आणि बिया फुटल्यामुळे कडू लागतं. पाणी सुटलेलं असेल तर सोललेली वांगी निथळायला ठेवली नव्हती.

मसाला साधा: हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर. लाल तिखट आणि हळद दिसली की ते दुसऱ्या कुठल्या तरी भागातलं भरीत आहे, वाईट नसेलही. किलोवर विकत घेताना दर कशाचा ते विचारा, कच्च्या वांग्यांचा की तयार भरिताचा. किलोभर वांगी भाजून सोलली की अर्धा ते पाऊण किलो गर उरतो, म्हणजे या एका प्रश्नावर दरात मोठा फरक पडतो. "वांगी तुमची, मजुरी आमची" असाही व्यवहार असतो. तेव्हा तेल-दाणे कुणाचे हे आधीच ठरवून घ्या. कार्यक्रमाची ऑर्डर असेल तर माणशी किती ग्रॅम धरलंय ते लिहून घ्या. पुऱ्या मात्र शक्यतो तिथल्या नकोत, घरी तळाव्यात.

वरण-बट्टी, मांडे

बट्टी हाताने फोडून बघा. जाडसर गव्हाच्या पिठात थोडं मक्याचं पीठ आणि ओवा, आधी वाफवून किंवा उकडून मग कापून तळलेली: अशी बट्टी कुस्करली की रवाळ भुगा होतो आणि वरण पिते. मधे ओला, पिवळट गोळा राहिला तर वाफ कमी पडली. स्पंजासारखी जाळी आणि जिभेवर साबणासारखी चव आली तर सोडा जास्त. बोटं तुपकट न होता तेलकट झाली तर "साजूक तुपातली" या पाटीबद्दल विचारायला हरकत नाही. सोबतची घोटलेली वांग्याची भाजी संपली की काही ठिकाणी बटाट्याची देतात. दुपारी दीडच्या आत गेलेलं बरं.

खापरावरचे मांडे, म्हणजे आपली मोठी पुरणपोळी, आयत्या वेळी मिळतील असं धरून जाऊ नका. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आठवड्यात तर नाहीच. करणाऱ्या बहुतेक बाया घरून किंवा बचत गटातून करतात. आदल्या दिवशी नगावर ऑर्डर द्यावी लागते. मांडा उजेडासमोर धरला तर आतलं पुरण सगळीकडे सारखं पसरलेलं दिसलं पाहिजे. मधे गठ्ठा आणि कडेला नुसती पोळी असेल तर हात घाईत होता. घडी गरम असतानाच घातली पाहिजे, गार झाल्यावर घातली तर घडीवर तुटतो. रशी, म्हणजे सोबतची आमटी, वेगळी मिळते का, तेही विचारा.

खानावळ

विद्यापीठ आणि कॉलेजांच्या आजूबाजूच्या मेसबद्दल लिहिताना चवीवर दोन ओळी पुरेत. मुलांना खरं हवं असतं ते खाड्याचं. खाडा किती दिवस आधी सांगायचा, सलग किती दिवस असले तरच धरतात, पैसे परत मिळतात की पुढच्या महिन्यात वळते होतात? रविवारी संध्याकाळी बंद असते का आणि त्याचे पैसे महिन्याच्या दरात धरलेत का? पोळ्या मोजून की पोटभर? अनामत किती आणि ती परत मिळते का? महिना भरण्याआधी दोन दिवस रोख देऊन जेवा, आणि त्यातला एक दिवस सोमवार किंवा मंगळवार ठेवा. रविवारच्या फिस्टवरून मेस ठरवणारा मुलगा पंधरा दिवसांत दुसरी मेस शोधत फिरतो.

दुकानं

केळीचे वेफर्स घेताना कडा बघा. पूर्ण कच्च्या केळीचा वेफर एकसारखा पिवळा-पांढुरका असतो. केळी पिकायला लागलेली असेल तर त्यात साखर तयार झालेली असते, ती तळताना करपते आणि मधे तपकिरी डाग पडतात, चव गोडसर लागते. मीठ उकळत्या तेलात मिठाच्या पाण्याच्या रूपात सोडतात, म्हणून काही घाण्यांचे वेफर्स खारट आणि काही अळणी निघतात. दुकानदाराला चव घेऊ द्या म्हणावं, कुणी नाही म्हणत नाही. तेल जुनं झालं की कढईत फेस टिकून राहतो, तेल काळं-घट्ट होतं आणि कमी आचेवरही धूर येतो. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्न सुरक्षा संस्थेच्या) नियमाप्रमाणे तळणाच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही. डोळ्यांनी टक्केवारी कळत नाही, पण फेस कळतो.

मिरची-मसाला कांडपावर न्यायचा असेल तर नंबर कुणाच्या मागे लागतोय ते बघा. आधी हळद दळली असेल तर तुमच्या काळ्या मसाल्याचा पहिला ओंजळभर भाग पिवळा येणार. चांगला कांडपवाला आधी मूठभर मिरची घालून यंत्र मोकळं करतो. वजन आधी आणि नंतर, दोन्ही वेळा स्वतः बघा. थोडी तूट धुळीत जातेच, पण किलोमागे किती ते लिहिलं तर पुढच्या माणसाला दोन दुकानांची तुलना करता येते. नंदुरबारहून सुकी मिरची आणणार असाल तर देठासकट की देठ काढून, यावर वजन आणि भाव दोन्ही फिरतात.

मिठाईच्या दुकानात दोनच गोष्टी. सुट्या मिठाईपुढे "कधीपर्यंत खावी" ती तारीख लावणं १ ऑक्टोबर २०२० पासून सक्तीचं आहे. ती पाटी आहे का, आणि रोज बदलते का? दुसरं, रिकामा खोका काट्यावर ठेवून काटा शून्य करतात की खोक्याचं वजनही पेढ्याच्या भावाने देतात?

जळगावच्या सराफ बाजाराबद्दल लोक फक्त "शुद्ध सोनं" एवढंच लिहितात. शुद्धता आता दागिन्यावरच छापलेली असते: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, २२के९१६ सारखा शुद्धतेचा आकडा आणि त्या दागिन्याचा स्वतःचा सहा अक्षर-अंकांचा क्रमांक, म्हणजे एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि तो क्रमांक बीआयएस केअर अ‍ॅपवर टाकला की दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. खरा फरक मजुरीत आहे. समजा १० ग्रॅमची साखळी आणि मजुरी १२ टक्के. वर ३ टक्के जीएसटी. म्हणजे तुम्ही ११.५४ ग्रॅम सोन्याइतके पैसे देता. मजुरी ८ टक्के असती तर ११.१२ ग्रॅम. सुमारे चाळीस शतांश ग्रॅमचा हा फरक "सेवा छान" या दोन शब्दांत कुठेच दिसत नाही. मतात लिहायचं ते असं: मजुरी किती टक्के, खड्यांचं वजन सोन्यातून वजा केलं का, मोडीत देताना घट किती धरतात, आणि हे सगळं बिलावर लिहून देतात का.

बिल

खाण्याच्या प्रत्येक दुकानात एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असायला हवा. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावरही छापायचा आहे. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर छोट्या धंद्याची नोंदणी. दोन्ही कायदेशीर, हातगाडीवाल्याकडे २ चा क्रमांक आहे म्हणून नाक मुरडू नका. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के, अडीच अधिक अडीच. पण दुकान कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांसाठीच्या सोप्या जीएसटी योजनेत) असेल तर ते गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेऊ शकत नाही. "कंपोझिशन" लिहिलेल्या बिलावर कराची ओळ दिसली तर तिथेच, शांतपणे विचारा. बहुतेक वेळा बिलाच्या मशीनमधली जुनी सेटिंग निघते आणि पैसे परत मिळतात.

लिहिताना

तक्रार असेल तर आधी मालकाला सांगा, तोंडावर, त्याच दिवशी. "आप्पा, आज रस्सा खवट लागला" म्हटल्यावर त्याने काय केलं, हे तुमच्या मताचं अर्धं मोल आहे. वाटी बदलून दिली? पैसे घेतले नाहीत? "सगळे तर खाऊन राहिले" म्हणाला? जसं झालं तसं लिहा. जे तुम्ही पाहिलं नाही ते लिहू नका. "तेल वाईट वापरतात" हा आरोप झाला. "भजी खाल्ल्यावर तोंडात खवट चव अर्धा तास राहिली" ही नोंद झाली, आणि वाचणाऱ्याला दुसरीच जास्त कामाची. भेसळ ठरवायला प्रयोगशाळा लागते. तसा संशय असेल तर उरलेला पदार्थ आणि बिल ठेवून अन्न व औषध प्रशासनाकडे जावं. हिशेबाच्या, वजनाच्या तक्रारीला ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

मालकाच्या, वाढप्याच्या घरच्या गोष्टी, जात, गाव, यातलं काही मतात येऊ देऊ नका. वाढप्या पोरगा चुकला तर त्याचं नाव लिहू नये, त्याची नोकरी जाते आणि रस्सा तसाच राहतो.

नमुन्यादाखल एक पुरेसं मत असं असतं:

"जानेवारी, गुरुवार, दुपारी १:१०. भरीत पाव किलो, चार पुऱ्या, पार्सल. वांगी काड्यांवर भाजलेली, बडगीत ठेचलेली, तार दिसत होती. मिरची जहाल, पोरांना चालणार नाही. तळाशी दोन चमचे तेल साचलं होतं. पुऱ्या गार आणि चिवट, सांगितल्यावर दोन गरम करून दिल्या. दर तयार भरिताचा. काट्यावर डबा ठेवून शून्य केला. पुढच्या वेळी फक्त भरीत."

यात दर रुपयांत लिहिला तर आणखी चांगलं, पण दरासोबत तारीख हवीच. मटणाच्या हॉटेलाबद्दल श्रावणात लिहायला जाऊ नका; बरीच बंद असतात, उघडी असतात त्यांच्याकडे गिऱ्हाईक कमी आणि म्हणून माल जास्त वेळ पडून. दुपारी एक ते चार उन्हाळ्यात बाजारातली बरीच दुकानं शटर ओढतात, तेव्हा "कायम बंद असतं" असं लिहिण्याआधी संध्याकाळी सहानंतर एक चक्कर मारा. आणि वर्षाने आपलं जुनं मत उघडा. वस्ताद बदलला असेल, जागा हलली असेल, पाव किलोचा डबा दोनशे ग्रॅमचा झाला असेल, तर जुनं न खोडता त्याच्याखाली नवी तारीख टाकून दोन ओळी जोडा.